जास्त रनिंगची पोर्शे: इंजिनाचा जमाखर्च

ऐंशी हजार मैल धावलेली पोर्शे ९११ आणि वीस हजार मैलांवरची तीच ९११ शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर बहुतेकांचे पाय दुसरीकडे वळतात. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून कमी रनिंगचे तो जादा पैसे लावतो. माझं मत वेगळं आहे. जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना मीटरवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायचं ते इंजिन नेमकं कुठलं आहे, ते किती तास चाललंय, कोणी कसं चालवलंय आणि त्याची बिलं कुठे आहेत.

जास्त रनिंग म्हणजे संपलेलं इंजिन, हा समज या गाड्यांनीच खोटा ठरवलाय. कॅलिफोर्नियातली एक १९६४ची पोर्शे ३५६ सी दहा लाख मैल, म्हणजे सोळा लाख किलोमीटर चालली. ब्रिटनमधली एक लॅम्बोर्गिनी मुर्सिएलागो लोकांना हौसेने चालवायला भाड्याने दिली जायची. बारा सिलिंडरची ही गाडी अडीच लाख मैलांच्या पुढे गेली. टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड असलेलं होंडा एनएसएक्सचं तीन लिटरचं व्ही६ तर अमेरिकेत चार लाख मैलांच्या घरात पोचलंय. या गाड्या टिकल्या कारण त्या चालत राहिल्या, आणि चालत होत्या म्हणून वेळच्या वेळी गॅरेजला जात राहिल्या.

उभ्या गाडीचं नुकसान मीटरवर दिसत नाही. ऑइल गरमच झालं नाही तर त्यातला ओलावा आणि आम्ल तसंच राहतं आणि बेअरिंग खातं. रबरी सील कडक होऊन गळायला लागतात. पेट्रोल टाकीत आंबतं आणि इंजेक्टरमध्ये चिकट थर धरतो. टायरची नक्षी नवी दिसते, पण आठ वर्षांचं रबर वळणावर पकडत नाही. फेरारी ३६० मोडेनाचा टायमिंग बेल्ट साधारण तीन वर्षांनी बदलायचा असतो, मग गाडी तीस हजार किलोमीटर चाललेली असो की तीनशे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि एका बेल्टपायी अख्खं इंजिन जातं. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक हाच खर्च पुढे ढकलत असतो, कारण ‘गाडी तर चाललीच नाही’.

पैशाचा मूळ हिशेबही इथेच सांगून टाकतो. गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. नवी असताना लाख डॉलरला विकली गेलेली गाडी तुम्हाला चाळीस हजारांत मिळेल, पण तिचे ब्रेक, क्लच, रेडिएटर आणि शॉक अॅब्सॉर्बर लाख डॉलरच्या गाडीचेच असतात, आणि त्यांचे भाव दरवर्षी वाढतातच. म्हणून खर्चाचा अंदाज नव्या गाडीच्या किमतीवर बांधा, तुम्ही मोजलेल्या किमतीवर नको.

एक गाडी, तीन इंजिनं

सगळ्याच गाड्यांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकच नीट बघू. पोर्शे ९११ची ‘९९७’ ही पिढी २००४ साली बाजारात आली आणि पुढे २०१२ पर्यंत बनत राहिली. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत ती भरपूर मिळते, लोक ती रोज ऑफिसला नेतात, त्यामुळे लाख-सव्वा लाख किलोमीटर रनिंगच्या गाड्या सहज सापडतात. न्यू जर्सीत किंवा लंडनच्या उपनगरात राहणारा मराठी माणूस पहिली स्पोर्ट्‌स कार शोधायला निघाला की बहुधा इथेच येऊन थांबतो.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या गाड्यांमध्ये तीन वेगळी इंजिनं आहेत, आणि सगळा जमाखर्च त्यावरच ठरतो.

पहिलं २००८ पर्यंतच्या साध्या कॅरेरा आणि कॅरेरा एसमधलं. ३.६ लिटरचं ३२५ अश्वशक्तीचं आणि ३.८ लिटरचं ३५५ अश्वशक्तीचं. याची ओळख दोन दुखण्यांवरून आहे. एक आयएमएस बेअरिंग. क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे फिरणं पोचवणाऱ्या मधल्या शाफ्टला एक सीलबंद बेअरिंग आहे. ते खराब झालं की धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो, टायमिंग बिघडतं आणि इंजिन कामातून जातं. हा त्रास खरा गाजला तो आधीच्या ९९६ पिढीत आणि त्या काळच्या बॉक्स्टरमध्ये. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २०१३मध्ये त्यात तडजोड झाली. ९९७ बनत असतानाच कंपनीने मोठं बेअरिंग घातलं. ते क्वचितच जातं, पण बदलायचं म्हटलं तर इंजिनाचे दोन भाग उघडावे लागतात. म्हणून २००५ची ९९७ बघायला गेलात तर तिच्यात जुनं बेअरिंग आहे की नवं, हे इंजिन नंबरवरून आधी शोधा. जुनं असेल तर क्लच बदलताना त्याच मजुरीत तेही बदलून घ्या. अमेरिकेत स्वतंत्र गॅरेजात क्लचसकट हे काम ढोबळमानाने साडेचार ते साडेसहा हजार डॉलरमध्ये होतं.

दुसरं दुखणं जास्त गंभीर, आणि खरेदीच्या बोलण्यात ते मुद्दाम टाळलं जातं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चरे पडतात. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये सिलिकॉनचे कण मिसळून या भिंती बनवल्या आहेत. पिस्टनच्या बाजूचा मुलामा झिजला की उघडं अॅल्युमिनियम भिंतीला घासतं, कण सुटतात, आणि तेच कण पुढे भिंत ओरबाडत राहतात. थंड हवेत गाडी चालू केल्या केल्या जोरात पळवणं, रोजचे पाच-पाच मिनिटांचे फेरे मारणं आणि ऑइल बदलायला उशीर करणं, या तिन्हींनी हे वाढतं. बहुतेक वेळा सुरुवात दुसऱ्या बाजूच्या, चार ते सहा नंबरच्या सिलिंडरांपासून होते. त्यामुळे एका बाजूच्या सायलेन्सरचं तोंड दुसऱ्यापेक्षा स्पष्ट काळं, काजळलेलं दिसतं. इंजिन गरम झाल्यावर मागून बारीक टिक-टिक येते. गाडी ऑइल खायला लागते.

यावर उपाय एकच, इंजिन पूर्ण उघडून सिलिंडरला नव्या लायनर घालायच्या आणि नवे पिस्टन बसवायचे. अमेरिकेत चांगल्या कारागिराकडे हे वीस ते तीस हजार डॉलरचं काम आहे. चाळीस हजारांच्या गाडीवर तीस हजारांचं काम. ९९७च्या सौद्यात हाच सगळ्यात मोठा खर्च, म्हणून तपासणीचे पैसे वाचवण्याचा विचार मनात आला तर हा आकडा आठवा.

एक मात्र नक्की. कोणी हे काम आधीच करून घेतलं असेल, नावाजलेल्या गॅरेजचं बिल आणि आतले फोटो असतील, तर लाख मैलांची तीच गाडी तीस हजार मैलांच्या ‘अजून काहीच झालं नाही’ गाडीपेक्षा मी आधी उचलीन. तिचं सगळ्यात महागडं दुखणं दुसऱ्याच्या खिशातून बरं झालेलं असतं.

दुसरं इंजिन २००९च्या मॉडेलपासूनचं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं, पूर्णपणे नव्याने आखलेलं. त्यात तो मधला शाफ्टच नाही आणि भिंतींची रचनाही वेगळी आहे. पाण्याचा पंप जातो, उच्च दाबाचा इंधन पंप कधी त्रास देतो, इग्निशन कॉइल उष्णतेने तडकतात, पण ही सगळी हजार-दोन हजार डॉलरची कामं. याच गाड्यांत पीडीके हा दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स पहिल्यांदा ९११मध्ये आला. तो टिकाऊ आहे, पण गेलाच आणि अख्खा बदलावा लागला तर पंधरा ते वीस हजार डॉलर जातात. त्याचं ऑइल वेळेवर बदलल्याची नोंद सर्व्हिस पुस्तकात असलीच पाहिजे. या गाड्या आधीच्यांपेक्षा पंधरा-वीस हजार डॉलरने महाग पडतात. तो फरक देणं मला पटतं. पहिल्यांदाच घेणाऱ्याने डोळे झाकून याच बाजूला जावं.

तिसरं इंजिन २००९ पर्यंतच्या टर्बोमधलं आणि जीटी३मधलं, हान्स मेट्झगर या अभियंत्याच्या नावाने ओळखलं जाणारं. शर्यतींच्या जीटी१ गाडीशी त्याचं नातं आहे, सिलिंडरला निकेल-सिलिकॉनचा कडक मुलामा आहे आणि वर सांगितलेली दोन्ही दुखणी त्याला नाहीत. दोन लाख किलोमीटर झालेलं असं इंजिन आतून स्वच्छ निघतं. त्याची अडचण दुसरीच. कूलंटच्या पाइपांचे काही सांधे चिकटवलेले आहेत. वर्षानुवर्षं उष्णता सोसून ते सुटतात आणि भर वेगात सगळं कूलंट मागच्या चाकांखाली सांडतं. सांधे वेल्ड करून किंवा पिन मारून पक्के करता येतात, पण त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. काम तीन-पाच हजार डॉलरचं. झालं नसेल तर तेवढी किंमत कमी करून मागा.

बाकीच्या गाड्या

फेरारी ३६०ला बेल्टचा खर्च ठरलेला आहे, दर खेपेला तीन-चार हजार डॉलर धरा. तिच्यानंतरच्या ४.३ लिटरच्या एफ४३०मध्ये बेल्ट जाऊन चेन आली, त्यामुळे जास्त रनिंगची फेरारी हवी असेल तर मी एफ४३०च सुचवीन. मात्र तिचे मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून तडकतात आणि तुकडे इंजिनात मागे ओढले जाऊ शकतात. ते बदललेत का, हाच तिच्या मालकाला विचारायचा पहिला प्रश्न. दोन्ही गाड्यांच्या ‘एफ१’ गिअरबॉक्सचा क्लच किती झिजला हे निदानाच्या कॉम्प्युटरवर टक्क्यांत वाचता येतं. नवा क्लच बसवायला पाच-आठ हजार डॉलर लागतात, आणि शहरातल्या गर्दीत तो फार लवकर संपतो.

लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचं व्ही१० इंजिन दणकट आहे, खर्च येतो तो तिच्या ‘ई-गिअर’ गिअरबॉक्सच्या क्लचवर, सात-दहा हजार डॉलर. चढावर रिव्हर्स घेत बसलं की तो जळतो. उतारावरच्या घरात राहणाऱ्या मालकाकडून घेताना हे विचारात घ्या. ऑडी आर८ या सगळ्यांत रोज वापरायला सोपी. तिच्या ४.२ लिटर व्ही८मध्ये आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर कार्बन साचतो आणि दम कमी होतो. अक्रोडाच्या कवचाचा चुरा दाबाने मारून तो साफ करतात. हजार-दीड हजार डॉलरचं काम, आणि त्यानंतर गाडी ओळखू येत नाही.

सौद्याआधी

गाडी बघायला जाताना आधीच बजावून ठेवा की तुम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर सायलेन्सरला हात लावून बघा. गरम लागला तर आज सौदा नाही, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही. ९११चं इंजिन आडवं असल्याने रात्रभर उभ्या गाडीने सुरुवातीला निळसर धुराचा एक झोत सोडला तर घाबरू नका. धूर थांबतच नसेल, किंवा गरम गाडी गिअर कमी करताना मागे निळं सोडत असेल, तर निघा.

मग त्या गाडीच्या जातकुळीतलाच कारागीर गाठा. विकणाऱ्याने सुचवलेला नको, तुम्ही शोधलेला. अमेरिकेत कॅमेऱ्याने सिलिंडर बघण्यासकट पूर्ण तपासणीला पाचशे ते आठशे डॉलर पडतात. पिस्टन पूर्ण खाली आणून स्पार्क प्लगच्या भोकातून भिंती बघायच्या. पण त्या वाटेने भिंतीचा खालचा भाग नीट दिसत नाही, आणि चरे बहुधा तिथेच सुरू होतात. पहिल्या प्रकारच्या इंजिनाला म्हणूनच ऑइलच्या तळाची झाकणपट्टी काढून खालूनही कॅमेरा घालायला सांगा. थोडे पैसे वाढतात. ते द्या.

दाबाच्या गळतीची चाचणीही करून घ्या, म्हणजे लीक-डाउन. सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते मोजतात. दहा टक्क्यांच्या आत चांगलं, वीसच्या पुढे गेलं तर इंजिन उघडायची वेळ आली. सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. पाच चांगले आणि एक वाईट असेल तर त्या एकाचंच ऐका. त्याच वेळी ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडायची. चकाकणारे कण असतील तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे बेअरिंग किंवा चेनचा भाग. नाही चिकटले तर अॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातल्या धातूंचं प्रमाण काढायला अमेरिकेत चाळीस डॉलरच्या आसपास लागतात. इतक्या कमी पैशात इतकं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

पोर्शेच्या बाबतीत आणखी एक देणगी आहे, आणि ती अनेकांना माहीतच नसते. इंजिनाचा कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चाललं ते लिहून ठेवतो. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. सव्वा लाख किलोमीटर आणि दोन हजार तास असतील तर सरासरी साठच्या वर, म्हणजे गाडी मोकळ्या महामार्गावर चाललीय. चाळीस हजार किलोमीटर आणि तेच दोन हजार तास असतील तर सरासरी वीस, म्हणजे ती सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये उकडत उभी राहिलीय. मीटरवर दुसरी गाडी एक तृतीयांश चाललेली दिसते. इंजिन मात्र दोघींचं सारखंच फिरलंय, आणि दुसरीचं जास्त हालात. मुंबई किंवा बंगळुरूमधली ‘फक्त चाळीस हजार’ रनिंगची गाडी बघताना हा भागाकार कराच. मीटर मागे घेतलेलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं, कारण सरासरी वेग बैलगाडीच्या पातळीवर येतो.

तोच कॉम्प्युटर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं तेही टिपतो. ९९७मध्ये याचे सहा टप्पे आहेत. पहिल्या दोन-तीन टप्प्यांतल्या नोंदींचं फार मनावर घेऊ नका, जोरात चालवणाऱ्याच्या गाडीत त्या असतातच. चौथ्यापासून सहाव्यापर्यंतच्या नोंदी चुकीचा गिअर पडल्याच्या असतात. पाचव्याऐवजी तिसरा पडला की चाकंच इंजिनाला ओढून फिरवतात आणि वेग रोखणारी यंत्रणा तिथे काही करू शकत नाही. आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा: नोंद प्रत्येक स्पार्कची होते. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांनी फिरत असताना सेकंदाला चारशे स्पार्क पडतात, तेव्हा पाचशेचा आकडा म्हणजे सव्वा सेकंद. शिवाय शेवटची नोंद कितव्या तासाला झाली तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर गाडी तीनशे-चारशे तास सुरळीत चालली असेल तर इंजिन त्यातून वाचलं, असं समजायला हरकत नाही. काल-परवाची असेल तर दुसरी गाडी बघा.

कागदांबद्दल फार लिहीत नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरवरून दरवर्षीच्या एमओटी तपासणीत नोंदवलेलं मायलेज सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. अमेरिकेत गाडीच्या इतिहासाचा अहवाल विकत मिळतो, पण त्यात फक्त नोंदवल्या गेलेल्या गोष्टी येतात. पोर्शेच्या अधिकृत जुन्या गाडीला १११ मुद्द्यांची तपासणी आणि कंपनीची वॉरंटी मिळते. ती घेता आली तर घ्या, वयाची आणि मायलेजची अट मात्र आधी वाचा.

पहिल्या वर्षाचा खर्च

समजा तुम्ही २००९ची कॅरेरा एस, ऐंशी हजार मैल झालेली, अमेरिकेत घेतली. तपासणी चांगली निघाली. तरी पहिल्या वर्षात पुढची कामं येणार असं धरूनच चाला. ऑइल आणि फिल्टर स्वतंत्र गॅरेजात तीन-चारशे डॉलर. या इंजिनात ऑइल बरंच बसतं. चार टायर चौदाशे ते अठराशे. पुढचे-मागचे ब्रेक डिस्क आणि पॅड दोन-अडीच हजार. स्पार्क प्लग आणि कॉइल आठ-नऊशे. पाण्याचा पंप मूळचाच असेल तर फुटण्याची वाट न बघता बाराशेत बदलून टाका, कारण तो फुटला आणि गाडी पुढच्या एक्झिटपर्यंत रेटली तर सिलिंडर हेड वाकतं. साधा गिअरबॉक्स असेल तर क्लच आणि फ्लायव्हील साडेतीन ते साडेचार हजार. सस्पेन्शनचे रबर बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर ऐंशी हजार मैलांना थकलेलेच असतात, तीन-चार हजार. मालकाने यातलं निम्मं आधीच केलेलं असू शकतं, म्हणून बिलं बघायची. काहीच केलं नसेल तर बेरीज बारा ते पंधरा हजारांवर जाते.

पुढच्या वर्षांचा सरासरी खर्च तीन-चार हजारांवर येतो. आणि खरेदी किमतीच्या वीस-पंचवीस टक्के रक्कम वेगळ्या खात्यात हात न लावता ठेवायची. ती ठेवता येत नसेल तर आत्ता घेऊ नका. इतका स्पष्ट सल्ला देताना मला संकोच वाटत नाही, कारण कर्ज काढून घेतलेली आणि क्लचच्या बिलाअभावी पार्किंगमध्ये धूळ खाणारी स्पोर्ट्‌स कार गाडीचंही नुकसान करते आणि घराचंही. दर महिन्याचा हप्ता आणि हा राखीव निधी, दोन्ही एकत्र जमणार असतील तरच पुढे जा.

महाराष्ट्रात घ्यायची असेल तर

परदेशात राहणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न आधी घेतो. परत येताना तिथली जुनी ९११ घेऊन येता येईल का? नाही. जुनी गाडी भारतात आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी लागते, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. त्यावर जकात वेगळी. म्हणजे अमेरिकेतली डावीकडच्या स्टिअरिंगची तर सोडाच, ब्रिटनमधली पंधरा वर्षांची गाडीही तिथेच विकून यायचं.

इथे मिळणाऱ्या गाड्यांचं रनिंग कमी असतं, पण वर सांगितलेल्या तासांच्या हिशेबामुळे त्याने हुरळून जाऊ नका. पहिल्यांदा आयातीचे कागद मागा: बिल ऑफ एंट्री आणि जकात भरल्याची पावती. तात्पुरत्या परवान्यावर आणून जकात न भरताच विकलेल्या गाड्या महसूल गुप्तचर विभागाने जप्त केल्याची प्रकरणं झालेली आहेत. कागद अपुरे असतील तर किंमत कितीही उतरली तरी त्या वाटेला जाऊ नका. अनेक महागड्या गाड्यांचं पासिंग कर वाचवण्यासाठी पुद्दुचेरीसारख्या ठिकाणी केलेलं असतं. अशी गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला नंबर घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि इथला एकरकमी कर. त्या कराचा आकडा सौद्याआधीच आरटीओतून काढून घ्या आणि किमतीत धरा, नाहीतर स्वस्त दिसलेली गाडी शेवटी महाग पडते.

गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आयात केलेल्या चारचाकीला त्याची फी चाळीस हजार रुपये आहे, वीस वर्षांनंतर ऐंशी हजार, शिवाय पर्यावरण कर. विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, तेव्हा मूल्यांकनाचा कागद जवळ ठेवून योग्य रकमेसाठी भांडा. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर जुन्या गाडीवरचा अठरा टक्के जीएसटी त्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. बिलात पूर्ण रकमेवर लावलेला दिसला तर हिशेब मागा.

चालवतानाची काळजी थोडी वेगळी. ९११चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या आत, खाली आहेत. तिथे पिंपळाची पानं, चिखल आणि प्लॅस्टिकचा कचरा अडकतो. तो ओला राहून एसीचे कंडेन्सर आणि रेडिएटर कुजवतो. पावसाळा संपला की बंपर उतरवून ते धुऊन घ्या, खर्च नगण्य आहे. पेट्रोलला ९८ ऑक्टेनची शिफारस आहे, म्हणून शक्य तिथे ९७ ते १०० ऑक्टेनच्या पंपावरच भरा. इथेनॉलचं बघा. त्या काळच्या बहुतेक युरोपीय गाड्या दहा टक्के इथेनॉल धरून बनल्या आणि आता सगळीकडे वीस टक्के मिळतंय. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलून घ्या आणि महिनोन्‌महिने अर्धी टाकी भरून गाडी उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रस्त्यात बंद पडली तर साध्या टोचनला हात लावू देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा. त्याचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल बदला, आधीचं कितीही नवं असल्याचं सांगितलं तरी. जुन्या ऑइलचा नमुना बाटलीत ठेवा, नव्यावर आठ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, चालवा आणि दोन्ही नमुने एकदम तपासायला पाठवा. रोज चालू केल्यावर ऑइल पूर्ण गरम होईपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, साडेतीन हजार फेऱ्यांच्या वर जाऊ नका. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर तासभर चालवा. ऑइल किती खाल्लं ते दर हजार किलोमीटरला वहीत लिहा. आकडा सलग दोनदा वाढला की त्याच आठवड्यात सिलिंडरमध्ये पुन्हा कॅमेरा घालून घ्या.